इंग्रजीची पेरणी आठवीत, तरच काढणी बारावीत

दहावीचा निकाल लागला की गावात एकच प्रश्न ऐकू येतो, "किती टक्के पडले?" पंच्याऐंशी म्हटले की पेढे येतात, पारावर चर्चा होते, नाक्यावर फलक लागतो. पण ती गुणपत्रिका हातात घेऊन एकेक ओळ वाचणारा माणूस क्वचितच भेटतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा निकाल लागला की एक काम करा. टक्केवारी नंतर बघा, आधी इंग्रजीची ओळ बघा. पोराचा किंवा पोरीचा पुढचा रस्ता कसा जाणार आहे, याचा निम्मा अंदाज त्या एका ओळीत येतो.

असे का म्हणतो, ते नीट समजून घ्या. आपल्याकडे इंग्रजीचा विचार बारावी झाल्यावर सुरू होतो. कॉलेजात प्रवेश मिळतो, पहिल्या तासाला सर इंग्रजीतून बोलू लागतात आणि पोराला घाम फुटतो. मग शहरातला क्लास, त्याची फी, खोलीचे भाडे. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला हा प्रकार. खरे तर हायस्कूलची पाच वर्षे, म्हणजे आठवी ते बारावी, हातात असतात. ती कशी वापरायची याची आखणी आधीच केली, तर गावातल्या मराठी शाळेतले पोरगेही कोणत्याही कॉलेजच्या दारात ताठ मानेने उभे राहते. ही आखणी कशी करायची, ते या लेखात सांगायचे आहे.

टक्क्यांच्या आड काय दडते?

दहावीला प्रत्येकी शंभर गुणांचे सहा विषय. २०१० पासून आपल्या मंडळाने 'बेस्ट ऑफ फाइव्ह' ही पद्धत आणली. सहापैकी ज्या पाच विषयांत जास्त गुण, त्यांचीच बेरीज पाचशेपैकी धरून टक्केवारी काढायची. पोरांच्या दृष्टीने चांगलीच सोय झाली. पण तिची दुसरी बाजू ध्यानात घ्या. समजा एखाद्या पोराला पाच विषयांत ऐंशीच्या पुढे आहेत आणि इंग्रजीत फक्त बेचाळीस. इंग्रजीत तो पास आहे, पण ते बेचाळीस टक्केवारीत धरलेच जात नाहीत. घरादाराला वाटते, पोरगे हुशार. हुशार तो आहेच. पण जो विषय त्याला पुढे पाच-सहा वर्षे रोज लागणार, तोच कच्चा आहे, हे टक्क्यांनी झाकून टाकले.

दुसरी गोष्ट तोंडी परीक्षेच्या गुणांची. दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेत दिले जाणारे. पास व्हायला शंभरात ३५ लागतात. शाळेने वीसपैकी एकोणीस दिले, तर लेखीत ऐंशीपैकी सोळा पुरतात. हे सोळा कशाचे असतात, हे विचारायचे धाडस आपण करत नाही.

याचा पडताळा महाराष्ट्राने एकदा घेतला आहे. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा आणि समाजशास्त्र या विषयांचे शाळेकडचे गुण काढून टाकले होते. अभ्यासक्रमही नवा होता. निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये थेट ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी शाळेकडचे गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात पोरे मठ्ठ झाली आणि दुसऱ्या वर्षी हुशार झाली, असे तर काही होत नसते. मोजायचे माप बदलले होते. म्हणून सांगतो, शाळेत जाऊन विचारा, "सर, आमच्या पोराला लेखी ऐंशीपैकी किती पडतात?" खरी जमीन कशी आहे, ते तिथे कळते.

पुस्तक बदलते, पोरगे तेच असते

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी ही तिसरी भाषा. त्यांच्यासाठी दहावीला 'माय इंग्लिश कोर्सबुक' हे पुस्तक आहे. इंग्रजी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी ही पहिली भाषा, म्हणून त्यांचे पुस्तक वेगळे आणि जड, 'इंग्लिश कुमारभारती'. दहावीपर्यंत दोघांच्या वाटा वेगळ्या. दहावीचा निकाल लागतो, अकरावीचा वर्ग भरतो आणि दोघांच्या हातात एकच पुस्तक येते, 'इंग्लिश युवकभारती'. बारावीलाही तेच. प्रश्नपत्रिका एक, वेळ एक, तपासणारा एक.

म्हणजे बघा, मार्चमध्ये ज्याने सोपी पायरी ओलांडली, त्याला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दोन पायऱ्या एकदम चढायच्या असतात. मधली पायरी कुणी बांधलेलीच नाही. पोरगे तिथे अडखळते आणि आपण म्हणतो, "दहावीपर्यंत बरा होता, कॉलेजच्या हवेने बिघडला." हवा नव्हे, हा उंबरठाच उंच आहे.

त्यात पोराने विज्ञान शाखा घेतली, तर आणखी भर. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित हे सगळे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवले जाते. पोराला घनता माहीत असते, डेन्सिटी माहीत नसते. त्वरण पाठ असते, अ‍ॅक्सेलरेशन म्हटले की गडबडते. प्रकाशसंश्लेषण त्याने शेतात डोळ्यांनी पाहिलेले असते, पण फोटोसिंथेसिस हा शब्द त्याला परका वाटतो. ज्ञान आहे, शब्द नाही. आणि परीक्षा शब्दांत होते.

कोणत्या दाराला कोणती किल्ली?

सगळ्यांनाच सारखे इंग्रजी लागते असे नाही. कुठे जायचे आहे, यावर किती आणि कसले इंग्रजी लागणार ते ठरते. म्हणून आखणी करताना शेवटाकडून सुरुवात करा. आधी दार बघा, मग मागे येत येत आठवीपर्यंत या.

कृषी आणि अभियांत्रिकी. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या बीएस्सी कृषी पदवीसाठी आणि अभियांत्रिकीसाठी राज्याची एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तिच्यात इंग्रजी असा वेगळा विषय नाही. भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळू शकतात. पण गणिताची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटे, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. एका प्रश्नाला दोन मिनिटेही येत नाहीत. प्रश्न काय विचारला आहे हे कळण्यातच एक मिनिट गेले, तर गणित सोडवायचे कधी? शिवाय या परीक्षेत साधारण वीस टक्के भाग अकरावीचा असतो. म्हणजे अकरावीत जो अडखळला, त्याचे नुकसान तिथूनच सुरू झाले. पुढे कृषी महाविद्यालयात पुस्तके आणि तास इंग्रजीतच. बापाच्या शेतातली माती पोराला ठाऊक असते, पण तिचा अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो.

वैद्यकीय. नीट परीक्षा तेरा भाषांत होते, त्यात मराठी आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भाषांतरात काही गोंधळ झाला, तर इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जातो. आणि एमबीबीएसच्या पात्रतेसाठी बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांच्याबरोबर इंग्रजीतही स्वतंत्रपणे पास असावे लागते.

नर्सिंग. आपल्या भागातल्या कितीतरी पोरी या वाटेने जातात आणि घराला आधार देतात. बीएस्सी नर्सिंगच्या राज्य सीईटीत इंग्रजीचा वेगळा भाग आहे. बारावीत इंग्रजी पास असावे लागते, ते वेगळेच.

बीसीए, बीबीए. हे अभ्यासक्रम सोपे समजून बरीच पोरे इकडे वळतात. २०२४ पासून महाराष्ट्रात यांनाही सीईटी सुरू झाली. शंभर प्रश्नांच्या त्या परीक्षेत चाळीस प्रश्न इंग्रजीचे ठेवले गेले. चाळीस! संगणक येतो म्हणून गेलेला पोरगा संगणकात नव्हे, इंग्रजीत मागे पडतो. पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीची सीईटी मराठीतही देता येते, पण इंग्रजीचा भाग तिच्यातही असतो.

सैन्यातले अधिकारी. खडकवासल्याच्या एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची. गणिताला ३००, सामान्य क्षमतेला ६००, आणि त्या सहाशेत इंग्रजीचे २००. पुढे मुलाखतीतही इंग्रजी बोलायची सवय उपयोगी पडते. आपल्या गावांतून जवान पुष्कळ जातात, अधिकारी कमी जातात. त्यामागे अंगातली ताकद कमी पडते असे नाही, हे दोनशे गुणही आडवे येतात. २०२१ पासून ही परीक्षा मुलींनाही खुली झाली आहे. दहावीनंतर या वाटेची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली आहे.

केंद्रीय विद्यापीठे. दिल्ली किंवा अशा इतर केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीसाठी २०२२ पासून सीयूईटी ही परीक्षा आहे. ती मराठीतून देता येते. तरी पोराने ज्या विभागात अर्ज करायचा, तिथे कोणत्या भाषेची चाचणी मागतात, हे माहितीपत्रकात आधी बघावे.

पॉलिटेक्निक आणि कला-वाणिज्य. दहावीनंतरच्या पदविकेला २०२१-२२ पासून मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक मार्ग निघाला. अभियांत्रिकी पदवीही प्रादेशिक भाषांतून शिकवायला त्याच वर्षापासून मुभा मिळाली. कला आणि वाणिज्य शाखा मराठीतून करता येतात. पण कोणत्याही शाखेची बारावी असो, इंग्रजी हा विषय आज सक्तीचा आहे. बाकी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत नापास, म्हणजे बारावी नापास. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते खरी, पण तोवर कॉलेज प्रवेशाच्या पहिल्या फेऱ्या निघून गेलेल्या असू शकतात. कला शाखेच्या पोरांचे वर्ष अशाने वाया जाते आणि घरात मात्र समजूत असते की "आर्ट्‌सला इंग्रजी कशाला लागतंय?"

आठवी ते बारावी : वर्षवार आखणी

आता कामाचे बोलू. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्याआधी आपल्यापैकी पुष्कळांनी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली. म्हणजे आजचे पोरगे दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. तरी त्याला चार ओळी स्वतःच्या मनाने लिहिता येत नाहीत, कारण दहा वर्षे त्याने गाइडमधली उत्तरे पाठ केली. ही सवय मोडणे हाच आखणीचा गाभा आहे.

आठवी : वाचन. रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचायचे. पुस्तकातला धडा, सहावी-सातवीची जुनी पुस्तके, काहीही चालेल. अडलेला शब्द वहीत लिहायचा, समोर मराठी अर्थ. दिवसाला पाच शब्द. वर्षात दोनशे दिवस जरी केले, तरी हजार शब्द झाले. गणित आणि विज्ञानाच्या शब्दांची वही वेगळी ठेवा. एका बाजूला समीकरण, दुसऱ्या बाजूला इक्वेशन. काटकोन, राइट अँगल. बाष्पीभवन, इव्हॅपोरेशन. शाळेत सेमी-इंग्रजीचा वर्ग असेल, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, तर विज्ञानाकडे जाऊ पाहणाऱ्या पोराला तो बहुतेक उपयोगी पडतो. मात्र त्या वर्गाला शिकवणारे शिक्षक तयारीचे आहेत का, हे आधी बघा. नुसते पुस्तक इंग्रजी आणि शिकवणे फळ्यावरून उतरवून घेणे, असे असेल तर पोराचे गणितही जाईल.

नववी : लिहिणे. आठवड्याला एक पान स्वतःच्या मनाने. विषय घरचेच घ्या. आमची म्हैस, कांद्याचा भाव, गावची जत्रा, विहिरीवरची मोटर जळाली तो दिवस. चुका होतील, होऊ द्या. सरांनी त्या लाल शाईने दाखवायच्या, पोराने तेच पान पुन्हा लिहायचे. दुसऱ्यांदा लिहिण्यातच शिकणे होते. वर्षाकाठी तीस पाने झाली, तरी पोराची भीती मोडते.

दहावी : न वाचलेला उतारा. बोर्डाच्या पेपरात पुस्तकाबाहेरचा उतारा असतो, पत्र असते, मराठीत भाषांतर असते. गाइड इथे चालत नाही. आठवड्याला दोन उतारे घड्याळ लावून सोडवा. जे पोरगे न वाचलेला उतारा वाचून उत्तर देते, ते उद्या कॉलेजातले पुस्तकही वाचेल, असे खुशाल समजा. लेखीत ऐंशीपैकी पन्नासच्या पुढे जाणे हे लक्ष्य ठेवा. पस्तीस ही पास होण्याची रेघ आहे, पुढे शिकण्याची नव्हे.

अकरावी : हे वर्ष फुकट घालवू नका. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहा कॉलेजांची पसंती भरता येते. तेव्हा पसंतीक्रम भरताना पोरे नावावर जातात, इमारतीवर जातात. तुम्ही विचारा की तिथे तास होतात का. अकरावीला बोर्ड नाही म्हणून कित्येक ठिकाणी वर्गच भरत नाहीत आणि पोरगे थेट बारावीला जागे होते. वर सांगितलेली ती उंच पायरी याच वर्षी चढायची असते. पहिल्या तीन महिन्यांत 'युवकभारती'चे रोज एक पान, शब्दांच्या वहीसकट.

बारावी : पेपर समजून घेणे. बारावीचा लेखी पेपर ८० गुणांचा. त्यात लेखनकौशल्याला १६ आणि कादंबरीच्या भागाला १६ गुण आहेत. तोंडी आणि श्रवणाचे २० वेगळे. गावाकडची पोरे लेखन आणि कादंबरी हे दोन्ही भाग मागे ठेवतात, वेळ संपतो आणि बत्तीस गुणांचे रान पडीक राहते. ज्याने नववीत आठवड्याला एक पान लिहिले, त्याला हे सोळा गुण हातचे आहेत.

सुट्टीचे ते तीन महिने

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात होते. निकाल मे महिन्यात लागतो. अकरावीचे वर्ग भरेपर्यंत जुलै-ऑगस्ट उजाडतो. हा काळ म्हणजे पडीक पडलेले रान. आपण रब्बी निघाली की रान तसेच ठेवत नाही. नांगरट करतो, ढेकळे तापू देतो, मगच पेरतो. पोराच्या बाबतीत मात्र हे महिने लग्नसराईत आणि मोबाइलात जातात.

पोराला शेतीकामातून पूर्ण मोकळे करा, असे कुणी म्हणत नाही. ते जमणारही नाही. सकाळी एक तास द्या, एवढेच. 'युवकभारती' पुस्तक विकत घ्यायची घाई नको. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. त्यातले पहिले चार धडे आणि भौतिक-रसायनाची पहिली दोन-दोन प्रकरणे शब्दांची वही घेऊन वाचून काढली, तर पहिल्या दिवशी वर्गात बसलेले पोरगे बावरत नाही. सरांच्या तोंडून आलेला शब्द त्याने आधी पाहिलेला असतो. मोबाइल घरात आहेच, तर तो या एका तासाला तरी कामाला लागू द्या.

आपल्याला इंग्रजी येत नाही, मग काय करायचे?

ही अडचण खरी आहे. पण पोराचा अभ्यास घ्यायला इंग्रजी यावेच लागते, असे नाही. माऊलीने चूल सांभाळत म्हणावे, "वाच रे मोठ्याने, ऐकू दे मला." पोरगे अडखळत वाचते की सरळ वाचते, हे भाषा न येणाऱ्या माणसालाही कळते. शब्दांची वही रोज उघडून बघा, आज पाच ओळी वाढल्या का? आठवड्याचे पान लिहिले का, त्यावर सरांची लाल शाई आहे का? आणि एक विचारा, "काय लिहिलंय ते मला मराठीत सांग." जे कळले आहे, ते पोरगे सांगते. पाठ केलेले असेल तर गप्प बसते.

पालक सभेला जात चला. पेरणीच्या दिवसांत सभा असली तर शाळेला सांगून वेळ बदलून घ्या, पण जा. तिथे गेल्यावर तीन प्रश्न विचारा. एक, इंग्रजीचे पान आठवड्याला तपासले जाते का? दोन, न वाचलेले उतारे महिन्यात किती होतात? तीन, गेल्या वर्षी दहावी झालेली पोरे आज अकरावीत कशी आहेत, याची शाळेला माहिती आहे का? तिसरा प्रश्न फार मोलाचा. मागे जाऊन आलेली पोरेच सांगू शकतात की ठेच कुठे लागते. त्यांना दिवाळीच्या सुट्टीत शाळेत बोलवा, नववी-दहावीच्या पोरांसमोर बसवा आणि बोलू द्या.

शिक्षकांकडून अपेक्षा करताना त्यांची अडचणही समजून घ्या. एका वर्गात साठ-सत्तर पोरे आणि एकच इंग्रजीचे शिक्षक, तर साठ पाने दर आठवड्याला तपासणे सोपे नाही. मग पंधरा-पंधरा पोरांचे गट पाडा, दर आठवड्याला एका गटाची पाने सर बघतील, बाकीच्यांनी एकमेकांची बघावीत. मार्ग काढला तर निघतो.

सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठी

गावकीचे कारभारीही यात पुष्कळ करू शकतात. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आठवीपर्यंतच्या शाळांना शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पालक बहुसंख्य असतात. समितीच्या बैठकीत खिचडी आणि रंगरंगोटीबरोबर वाचनाचाही विषय घ्या. पाचवी ते आठवीच्या पोरांना साधा उतारा वाचता येतो का, हे वर्षातून दोनदा समितीसमोर बघा. कुणाला रागे भरायला नव्हे. अडले कुठे, ते कळायला.

दुसरे, गावचे वाचनालय. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि अनुदानावर चालणारी वाचनालये गावोगावी आहेत. तिथे एक इंग्रजी दैनिक सुरू करा. दोन चांगले इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवा. बारावी झालेल्या पोरांकडून जुनी 'युवकभारती' आणि अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके जमा करून एक कपाट भरा. याला मोठा निधी लागत नाही. मनावर घेतले तर महिनाभरात होते.

तिसरे, उन्हाळ्याचा वर्ग. दहावी झालेल्या पोरांसाठी एप्रिल-मे महिन्यात सकाळी सात ते आठ, गावातल्या शाळेच्या खोलीत. शिकवायला बाहेरचा क्लासवाला हवाच असे नाही. गावातलीच बीएस्सी-बीएची पोरे-पोरी सुट्टीला आलेली असतात, निवृत्त शिक्षक असतात. ग्रामसभेत ठराव घ्या, खोलीची किल्ली आणि विजेची सोय ग्रामपंचायतीने बघावी. पोरींसाठी हा गावातला वर्ग विशेष गरजेचा. पोराला आपण तालुक्याला क्लासला पाठवतो, पोरीला "एसटी चुकली तर?" म्हणून घरी ठेवतो, आणि मग म्हणतो की पोरीला इंग्रजी जमत नाही.

मग इंग्रजी शाळेतच का घालू नये?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. तालुक्याच्या रस्त्याला इंग्रजी पाटीची शाळा दिसते, पिवळी गाडी दारात येते, टाय लावलेले पोर बघून बरे वाटते. ज्याला परवडते आणि जिथे शिक्षक चांगले आहेत, त्याने जरूर घालावे. पण नुसत्या पाटीवर जाऊ नका. लहानपणी पोर आपल्या भाषेत समजून घेते, तेव्हा पाया पक्का होतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचाच आग्रह धरला आहे. मराठी पक्की असलेले पोरगे इंग्रजी लवकर उचलते, कारण वाक्य म्हणजे काय, मुद्दा म्हणजे काय, हे त्याला आधीच कळलेले असते.

मराठी की इंग्रजी असे भांडण लावायचे कारण नाही. सावित्रीबाई फुल्यांनी मराठीतच कविता लिहिल्या आणि १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचाही आग्रह धरला. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते, त्यांनी हे दोन्ही धरावे असे त्यांना वाटले. ते आजही खरे आहे.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात एवढे करा. घरात आठवी ते बारावीत जे कोणी असेल, त्याला शंभर पानांची एक वही आणून द्या. पहिल्या पानावर त्याला कुठे जायचे आहे ते त्याच्याकडूनच लिहून घ्या. कृषी, नर्सिंग, फौज, जे काही असेल ते. शेजारी त्या प्रवेशाला इंग्रजी किती आणि कसले लागते, हे लिहा. दुसऱ्या पानापासून रोजचे पाच शब्द. आणि पुढच्या पालक सभेला ती वही बरोबर घेऊन जा, म्हणजे सरांशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी असेल.